हॉटेलवालीचा आवाज

३ फेब्रुवारी

चि. कुजबुज,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी कामाचं बोलू. ओळखला. तुझा आवाज ओळखला, आणि तोही पहिल्याच आठवड्यात.

तू लिहिलं होतंस, "आत्या, एक परदेशी मालिका आपल्या भाषेत येतेय, हॉटेलवाल्या श्रीमंत घराण्याची. तिच्यात मला पहिल्यांदाच मोठ्या पात्राला आवाज द्यायला मिळालाय. कोणतं पात्र ते तूच ओळख." अगं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जिनं उभी हयात कानाला हेडफोन लावून काढली, तिला तू हे कोडं घालतेस? कोण बायकोशी बोलतोय आणि कोण भलत्याच बाईशी, हे मी नुसत्या 'हॅलो'वरून सांगत असे. माझ्या हाताखालच्या मुली पैजा लावायच्या आणि हरायच्या.

तू ती सून आहेस. "नाही" म्हणायच्या आधी ती बारीकसा श्वास घेते, त्यावरून पकडलं. लहानपणी माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा खोटं बोलताना तू अगदी असाच श्वास घ्यायचीस. आणि इतकी हळू बोलायचीस की मला वाकून तुझ्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. कुजबुज हे नाव काय उगाच पडलं?

साऱ्या इमारतीला सांगून झालंय. खालच्या मजल्यावरची शिंपीण आणि समोरचे घड्याळवाले रोज संध्याकाळी माझ्या खोलीत मालिका बघायला येतात. सून तोंड उघडते तेव्हा दोघं आधी माझ्याकडे बघतात, मग टीव्हीकडे. मी मान ताठ करून बसते.

आता माझी मतं. सुनेचं काम करणारी नटी दिसायला बरी, पण रडताना तिची भुवईसुद्धा हलत नाही. रडतेस ती तू. एवढं मोठं हॉटेल, इतक्या खोल्या, आणि एकाही दाराला कडी नाही. जो तो दार उघडं टाकून गुपितं बोलतो आणि दुसरा ती बाहेर उभा राहून ऐकतो. फोनचं तर विचारूच नकोस. "ठेवते हं" म्हटल्याशिवाय फोन ठेवणारा एकच माणूस मला नोकरीत भेटला, तो पोलिसांना हवा होता. इथे झाडून सगळे तसेच. रविवारचा सिनेमाही काही वेगळा नव्हता. नायकाच्या छातीत गोळी घुसलेली, आणि हा सभेत बोलावं तसा बोलतोय. शेवटी घड्याळवाले म्हणाले, "याला कुणीतरी खुर्ची द्या."

पण सगळ्यांत डोक्यात जाते ती सासू, ती हॉटेलवाली. चेहऱ्याचं सोड, तो तिकडच्या नटीचा. आवाज. कुणी दिलाय गं तो? बाई कधी ओरडत नाही. ओरडणाऱ्या माणसाचं काही वाटत नाही, ते दमतं. ही दमत नाही. काल सून बिचारी खुलासा करायला गेली, तर हळूच म्हणते, "आधी पाणी पी. मग खोटं बोल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असं कोण बोलतं घरात? मी टीव्हीकडे पाठ करून बसले.

फोन कर म्हणू नकोस. निवृत्त झाले तेव्हाच त्या यंत्रापुरता कानाला खडा लावला. पत्र लिही. आशीर्वाद पुढच्या खेपेला, मालिका सुरू होतेय.

तुझी आत्या

१४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. तू साऱ्या इमारतीला सांगून टाकलंस. मला वाटलं होतं, आधी मला कळवशील.

असो. आमची खोली कशी असते ते तुला सांगते. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, एक माइक, समोर पडदा, काचेपलीकडे आमच्या दिग्दर्शक बाई. पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलायला लागले की आपण सुरू व्हायचं आणि ते मिटले की मिटायचं. याला आम्ही ओठ पकडणं म्हणतो. आजवर मी नुसती गर्दी होते. आगीतून पळणारी गर्दी, लग्नात हसणारी गर्दी. एका सिनेमात तर नदीच्या दोन्ही काठांवरच्या बायका मीच होते. तेव्हा पहिल्यांदा एक अख्खं माणूस वाट्याला आलं, तर मला केवढं वाटलं असेल ते समज.

तुझ्या फोनच्या तक्रारीला उत्तर आहे. "ठेवते हं" म्हणायला पडद्यावर ओठ हलायला हवेत, आणि तिकडची माणसं ते हलवतच नाहीत. कधी उलटं होतं. वाक्य संपतं आणि ओठ उरतात. मग त्यात आम्हाला काहीतरी भरावं लागतं. "आधी पाणी पी" हे मूळ मालिकेत नाहीच. ओठ उरले होते म्हणून ते तिथे आलं. दिग्दर्शक बाईंना आवडलं, त्यांनी राहू दिलं.

त्या सासूवर तू एवढी का चिडतेस? नवरा गेल्यावर तिनं एकटीनं ते हॉटेल उभं केलंय. सगळे तिला लुबाडायला टपलेले. ती बाई वाईट आहे हे खरं, पण तिच्यावाचून ते घर चार दिवसही उभं राहणार नाही. थोडं तिच्या बाजूनं बघ ना.

तुझी
कुजबुज

२८ फेब्रुवारी

चि. कुजबुज,

सासूची बाजू घेतेस? हा तुझा चांगुलपणा झाला. सहकाऱ्यांना सांभाळून घ्यावं, मीही घेत असे. पण आत्या इथे बसली आहे कशासाठी?

ऐक, मी काय केलं. गेल्या आठवड्यात सुनेचा तो मोठा प्रसंग होता. ती पहिल्यांदाच सासूला उलटून बोलली. काय छान बोललीस गं. आणि तेवढ्यात त्या हॉटेलवालीनं नुसतं "झालं?" म्हटलं आणि तुझ्या सगळ्या बोलण्यावर बोळा फिरवला. शिंपिणीच्या हातातली सुई जागच्या जागी राहिली. मला ते सहन होईना. आमच्या मुलीचं काम हिनं का झाकोळायचं?

म्हणून मी वाहिनीला पत्र लिहिलं. चांगलं दोन पानी. सुनेचा आवाज किती गुणी आहे ते आधी सविस्तर लिहिलं. तू माझी भाची आहेस हे मात्र लिहिलं नाही, उगाच वशिला वाटायला नको. मग लिहिलं, की सासूचा आवाज कानाला सोसवत नाही, तिच्यामुळे बाकीच्यांची कामं फिकी पडतात, तरी तो तात्काळ बदलावा. खाली इमारतीतल्या झाडून सगळ्यांच्या सह्या. घड्याळवाले सही करताना जरा घुटमळले. म्हणाले, "बाई चांगली बोलते हो." मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, मग केली त्यांनी.

बघ आता, तुझं नाव कसं वर येतं. आपल्या माणसासाठी एवढं तर करायलाच हवं. आशीर्वाद लिहिणार होते, पण पोस्टाची पेटी उघडायची वेळ झाली.

तुझी आत्या

२० मार्च

प्रिय आत्या,

उशिरा लिहितेय. तुम्हा सगळ्यांचं पत्र वाहिनीकडे पोचलं. नुसतं पोचलं नाही, वाहिनीच्या लोकांनी ते आमच्याकडे पाठवलं आणि दिग्दर्शक बाईंनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्षराचं कौतुक झालं.

वाहिनीनं तक्रार मनावर घेतली. येत्या सोमवारपासून सासूला दुसरा आवाज असेल. आधीच्या बाईला तूर्त थांबायला सांगितलंय.

माझं म्हणशील तर सध्या स्टुडिओत जाणं कमी झालंय. घसा उत्तम आहे, काढे पाठवू नकोस. घरी बसून कपाटं आवरते.

एक विचारायचं होतं. रागावू नकोस, कामासाठीच विचारतेय. त्या आवाजात तुला नेमकं काय डाचलं? वाईट होता म्हणून, की आणखी काही?

तुझी
कुजबुज

९ एप्रिल

चि. कुजबुज,

आपण जिंकलो, आणि मालिका मेली. हे दोन्ही एकदमच झालं.

नवी सासू मी मन लावून ऐकली. ओरडते छान. खिडक्यांच्या काचा वाजाव्यात असं ओरडते. पहिल्या दिवशी मी शिंपिणीला म्हटलं, "बघ, आता कसं." तिनं हूं केलं आणि काजं करायला घेतली. एरवी तिचा हात मालिकेत चालत नाही. दुसऱ्या दिवशी घड्याळवाले मधेच उठून किल्ली द्यायचं घड्याळ घेऊन आले. तिसऱ्या दिवशी मी स्वतः टीव्ही चालू ठेवून तांदूळ निवडले. कुणाला काही वाटेचना. सून रडली तरी नाही वाटलं. घाबरण्यासारखं काही समोर नसेल तर रडतेस कशाला, असं मीच तुला म्हणून गेले. तुझ्या कामात काही कमी नाही, पण तू एकटी टाळी वाजवणार कशी?

तू विचारलंस, नेमकं काय डाचलं. मी त्यावर विचार केला. मालिका संपल्यावरही ती बाई माझ्या खोलीतून जायची नाही. भांडी घासताना मी तिला उत्तरं द्यायची. मोठमोठ्यानं, एकटीच. तुझे काका गेल्यापासून इतकं चिडावं असं कुणी भेटलंच नव्हतं मला. ती गेली आणि खोली एकदम गप्प झाली.

तर, मी कान असलेली बाई आहे, खोटं बोलणार नाही. माझं चुकलं. मी वाहिनीला दुसरं पत्र धाडलंय, पहिल्याहून लांब: तक्रार मागे घेते, आधीच्या बाईंना सन्मानानं परत बोलवा, त्यांच्यासारखं काम दुसरीला जमायचं नाही. सह्या करायला सगळे धावत आले. घड्याळवाल्यांनी तर स्वतःच्या नावाखाली रेघ मारली.

त्यांचं एक मात्र मला आवडलं नाही. सही करून म्हणतात कसे, "बरं झालं. ती आधीची बाई अगदी तुमच्यासारखी बोलायची." मी? त्या हॉटेलवालीसारखी? मी त्यांना सांगितलं, "बसा. आधी चहा संपवा. मग काय ते बोला." यावर तो माणूस आणि शिंपीण दोघंही तोंडाला हात लावून हसत सुटले. कारण विचारलं तर सांगेनात. माणसं वयाबरोबर पोरकट होत जातात.

तुझी कपाटं आवरून झाली असतील तर स्टुडिओत परत कधी जाणार, ते कळव.

तुझी आत्या

१७ एप्रिल

प्रिय आत्या,

बसली आहेस ना? नसशील तर बस.

मी सून नाही. सुनेला आवाज देते ती दुसरीच मुलगी आहे, गुणी आहे. "नाही"च्या आधी ती श्वास घेते कारण तिचं नाक सदा चोंदलेलं असतं. हॉटेलवाली मी होते. पहिल्या भागापासून.

फेब्रुवारीतच लिहायला हवं होतं. पण तू सगळ्यांना सांगून बसली होतीस आणि इतकी खुशीत होतीस की तुला चारचौघांत तोंडघशी पाडायचं माझ्या जिवावर आलं. मग तुझं वाहिनीला पत्र आलं. ते वाचलं जात होतं तेव्हा मी काचेच्या अलीकडे माइकसमोर उभी होते. माझ्याबद्दल इतकं वाईट आणि इतकं मन लावून कुणी कधी लिहिलं नव्हतं. तुझं अक्षर मला लांबूनच कळलं होतं.

दुसरी गोष्ट सांगायला जास्त अवघड आहे. घड्याळवाल्यांचा कान बरोबर आहे. तो आवाज तुझाच आहे.

संहितेत सासू नुसती ओरडत होती. मी दोन दिवस ओरडून बघितलं, काहीच होईना. दिग्दर्शक बाई म्हणाल्या, "ही बाई घर चालवते, असं ऐकू आलं पाहिजे." घर चालवणारी बाई माझ्या कानात एकच होती. तू रागावलीस की आवाज वर न्यायचीस नाही, खाली आणायचीस. तुला आठवत नसेल, मी शाळेतून दोन तास उशिरा आले होते, दारातच कारण सांगायला लागले, तर तू पेला पुढे केलास आणि म्हणालीस, "आधी पाणी पी. मग खोटं बोल." ओठ उरले तेव्हा माझ्या तोंडून ते आपोआप आलं.

तू दुष्ट आहेस म्हणून मी तुझा आवाज घेतला असं समजू नकोस. बाबांनी मला तुझ्याकडे आणून सोडलं तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. फक्त तुझा तो खालचा आवाज ऐकला की वाटायची नाही. वाटायचं, या घरात कुणीतरी आहे जिच्यापुढे काहीच वेडंवाकडं चालणार नाही. तशी बाई वाईट वागायला लागली तर सुनेनं जायचं कुठे? म्हणून ती हॉटेलवाली भयंकर झाली. तुझा आवाज मी उसना घेतला, तुला न विचारता.

काल दिग्दर्शक बाईंचा निरोप आला. वाहिनीकडे पत्रांचा ढीग पडलाय, सगळ्यांना जुनी सासू परत हवी आहे. त्या म्हणतात, ये. मी त्यांना सांगितलं, आधी एका माणसाला विचारावं लागेल. तुला वाईट वाटलं असेल तर मी ते काम घेणार नाही. आणि नाही घेतलं म्हणून तुला कधी बोलूनही दाखवणार नाही. पण आत्या, इतकं चांगलं काम मी आजवर केलं नव्हतं. ते तुला आवडावं अशी फार इच्छा आहे.

उत्तराची वाट बघते.

तुझी
कुजबुज

५ मे

चि. कुजबुज,

तुझ्या पत्राला दोन उत्तरं लिहून फाडली. पहिल्यात तुला झापलं होतं. दुसऱ्यात स्वतःची कीव केली होती, ते जास्त वाईट होतं.

खरं सांगते, मला लागलं. ज्या बाईचा आवाज असह्य म्हणून मी सह्या गोळा केल्या, ती मीच? आयुष्यभर मी सगळ्यांचे आवाज ओळखले, पण आमच्या हेडफोनमधून समोरच्याचा आवाज यायचा, स्वतःचा कधीच नाही. माझ्या हाताखालच्या मुली मला वचकून असायच्या हे ठाऊक होतं. आपल्याला वाटतं आपण कडक आहोत, आणि लोक मनातल्या मनात आपल्याला हॉटेलवाली म्हणत असतात की काय, असं आलं मनात. काही दिवस मी बोलणंच कमी केलं. बेकरीत पाव बोटानं दाखवून घेतला.

शेवटी शिंपिणीला गाठलं. म्हटलं, "मी अशी बोलते?" ती म्हणाली, "अशीच बोलता." मग म्हणाली, "घरमालक माझी दुकानाची जागा काढून घ्यायला आला होता ना, तेव्हा मी रडत होते. तुम्ही जिना उतरून आलात आणि त्याला म्हणालात, 'आधी बसा.' तो बसला. जागा अजून माझीच आहे." एवढं बोलून ती परत मशीन चालवायला लागली.

त्या दिवशी मी तिच्या मुलीच्या मोबाइलवर जुने भाग लावायला सांगितले आणि डोळे मिटून ऐकले. चेहरा गेला, हॉटेल गेलं, नुसता आवाज राहिला. आणि मला माझी खोली दिसली, हातातला पेला दिसला, आणि दारात तू, दप्तर पाठीवर. मी तुला धाक घालत होते असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तुला त्याचा आधार वाटत होता हे तू आत्ता सांगतेस.

आणि काम म्हणशील, तर पोरी, तू काय काम केलंयस. वाकून कान लावावा लागायचा तुझ्या तोंडाशी, त्या तुझ्या आवाजानं सबंध इमारत गप्प बसवलीस. मला, माझ्याच खोलीत, टीव्हीकडे पाठ करून बसायला लावलंस. माझा कान फसवलास, तो आजवर कुणाला फसवता आला नव्हता. मला अभिमान वाटतो. सुनेच्या वेळी वाटला होता तो उधळून टाकण्यासारखा होता, हा जपून ठेवण्यासारखा आहे.

काल सगळ्यांना चहाला बोलावलं आणि उभी राहून सांगितलं, की मी तुम्हाला चुकीची माहिती दिली होती. माझी भाची सून नाही, सासू आहे. आणि ती सासू माझ्यावर गेली आहे. घड्याळवाले म्हणाले, "ती तुमच्यावर गेलीय, हे आम्हाला पहिल्या भागापासून माहीत होतं." मी म्हटलं, मग सह्या का केल्यात? तर म्हणतात, "तुम्ही तसं बघितलंत म्हणून."

तेव्हा विचारायचं काही राहिलेलं नाही. जा, काम घे. आवाज उसना नाही, तुझाच आहे, मी दिला असं समज. फक्त एक ऐक. आता ती सुनेला हॉटेलाबाहेर काढणार, हे कुणीही सांगेल. तिथे ओरडायला लावतील, ओरडू नकोस. आवाज इतका खाली आण की ऐकायला तिला एक पाऊल जवळ यावं लागेल. ओठ उरले तर घाई करू नकोस, थांब. आणि बाहेर काढण्याआधी तिला पाणी दे. मी दिलं असतं.

फेब्रुवारीपासून राहिलेला आशीर्वाद यात आहे.

तुझी आत्या